हत्तीचं पोरकं पिल्लू आणि खोबरेल तेल

पावसाळ्याच्या तोंडावर हत्ती आमच्या बागेत येऊन गेला, त्या रात्री सात कवाथे, म्हणजे माडाची लहान रोपं, गेले. सोंडेनं मुळासकट ओढायचे, पायाखाली दाबून बुंधा सोलायचा, आतला पांढरा कोंब तेवढा खायचा आणि बाकीचं तिथंच टाकून पुढचा धरायचा, अशी त्याची पद्धत. सकाळी त्या सोललेल्या माडांकडे बघत शेजारचे आबा म्हणाले, "गणपतीन नैवेद्य घेतल्यान." बोलताना त्यांच्या खिशातून सुतळी बॉम्बचं पाकीट डोकावत होतं. २००२ साली कर्नाटकातून हत्ती पहिल्यांदा आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले, तेव्हापासून आमचं त्यांच्याशी नातं हे असं आहे. एका हातानं नमस्कार, दुसऱ्या हातात काडेपेटी.

पंचनाम्याची वाट बघत पडवीत बसलो होतो. सातवीतल्या पुतण्यानं विचारलं, "काकानू, पिल्लाची आवस मेली तर तेका कोण वाढयतलो?" मी म्हटलं, वनखातं. त्यावर तो म्हणाला, "आणि दूध खंयचा?"

प्रश्न बिनतोड होता. मी वाचत सुटलो, आणि पहिल्याच दिवशी जे सापडलं त्यानं हसावं की रडावं ते कळेना. हत्तीचं तान्हं पिल्लू माणसाच्या हातून जगवायची किल्ली मिळाली ती नारळात. ज्या झाडाचे कवाथे आमच्या खळ्यात आडवे पडले होते, त्याच झाडाच्या फळात.

त्याचं कारण दुधातल्या चरबीत आहे. चरबी म्हणजे रसायनाच्या भाषेत लहानमोठ्या साखळ्या. गाईच्या दुधात लांब साखळ्यांचा भरणा असतो. हत्तिणीच्या दुधात मध्यम लांबीच्या साखळ्या जास्त, त्यातही कॅप्रिक आणि लॉरिक नावाची दोन आम्लं मुख्य. पिल्लाचं आतडं त्यांच्यासाठीच घडलेलं असतं. गाईचं दूध पाजलं की ते पितं आवडीनं, पण पचत नाही. हगवण लागते, अंगातलं पाणी जातं आणि बघताबघता पिल्लू आटोपतं. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. म्हणजे हत्तिणीच्या दुधाच्या जवळ जाणारी चरबी आपल्या घाण्यावर मिळते.

हे शोधून काढलं केनियातल्या डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी. त्यांचे पती डेव्हिड हे त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचे वॉर्डन होते. शिकाऱ्यांनी सुळ्यांसाठी मारलेल्या हत्तिणींची पिल्लं त्यांच्या दारात यायची. थोडी मोठी असलेली, चारा खाणारी पिल्लं वाचत. तान्ही मात्र एकामागून एक दगावत. वर्षानुवर्षं निरनिराळी मिश्रणं करून पाहिल्यावर माणसाच्या बाळाच्या दुधाची पावडर आणि नारळाचं तेल ही जोडी लागू पडली. १९७७ मध्ये डेव्हिड वारले आणि त्यांच्या नावानं संस्था उभी राहिली. नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात तिची पाळणाघरासारखी नर्सरी आहे. आजवर तिथून तीनशेहून जास्त पोरकी पिल्लं वाढवली गेली. डॅफ्ने २०१८ मध्ये गेल्या.

दूध सापडलं म्हणजे सुटलो असं नाही. ते पाजायचं कसं, हा वेगळाच खटाटोप. हत्तिणीचे दोन स्तन पुढच्या पायांच्या मध्ये असतात, माणसासारखे छातीवर. पिल्लू सोंड कपाळावर वळवून, तोंड वर करून पितं. नुसती बाटली पुढे केली तर ते गोंधळतं. सोंडेचं टोक टेकायला त्याला वर काहीतरी ऊबदार, मोठं, आईच्या पोटासारखं लागतं. म्हणून पाजणारा माणूस दोरीवर घोंगडी टांगतो. पिल्लू तिच्याखाली येतं, सोंड घोंगडीवर दाबतं, चाचपतं आणि मग कुठं चुचूक तोंडात घेतं. कधी सांभाळणाऱ्याच्या काखेत सोंड खुपसतं आणि तिथल्या घामाच्या वासावर निवांत होतं. बाटलीचा कोन चुकला तर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. असं दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. घरात तान्हं मूल असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त इथलं तान्हं जन्मतःच शंभर किलोच्या आसपासचं असतं.

सोंडेचंही त्याला धड कळत नसतं. पहिले काही महिने ती एक लोंबणारी अडचण असते. चालताना तिच्यावरच पाय पडतो. पाण्यात सोंड घालून ओढायचं आणि तोंडात सोडायचं हे त्याला माहीत नसतं, ते सरळ गुडघे टेकून तोंडानं पाणी पितं. उन्हाचाही त्रास. कळपात ते आईच्या पोटाखाली सावलीत चालतं, इथं सावली कुठली? नैरोबीत तान्ह्या पिल्लांवर छत्री धरतात, कानांच्या पातळ कातडीला उन्हाचं मलम चोपडतात, थंडीत अंगावर घोंगडी बांधतात.

आता यातला अवघड भाग. सत्तरच्या दशकात डॅफ्नेंकडे आयशा नावाचं एक तान्हं पिल्लू होतं. नवं दूध तिला मानवलं. सहा महिने ती छान वाढली, डॅफ्नेंच्या पायात पायात फिरली. मग मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नेंना काही दिवस बाहेरगावी जावं लागलं. आयशाला दुसऱ्या माणसानं तेच दूध, त्याच वेळी दिलं. तिनं खाणंपिणं टाकलं. डॅफ्ने परतल्या आणि पिल्लू त्यांच्या डोळ्यांदेखत दगावलं. पोटाला काही कमी पडलं नव्हतं. आपली आई दुसऱ्यांदा मेली, असं तिनं धरलं होतं.

चूक मायेत नव्हती, माया एकाच माणसात साठली होती. कळपातलं पिल्लू आईचं असतं तेवढंच मावशीचं, आजीचं, मोठ्या बहिणीचंही असतं. ओरडलं की चार सोंडा धावून येतात. आपल्याकडच्या जुन्या एकत्र घरासारखंच. तिथलं पोर कुणाच्या मांडीवर झोपेल याचा नेम नसायचा, आणि आई चार दिवस माहेरी गेली तर कुणी उपाशी राहत नसे. आयशानंतर नैरोबीत नियम झाला, की सांभाळणारे अनेक ठेवायचे आणि सतत बदलायचे. रात्री प्रत्येक पिल्लाच्या खोलीत एक माणूस झोपतो, पण कालचा आज त्याच खोलीत नसतो. सगळ्यांचे डगले एकसारखे हिरवे. आमच्याकडे राखणदार म्हटलं की बागेचा देवचार आठवतो, दिसत नाही पण असतो. हे राखणदारही काहीसे तसेच. पिल्लाला तो हिरवा डगला, तो वास, ती ऊब कायम मिळावी, पण अमुक एक माणूस गेला म्हणून त्याचं जग बुडू नये.

इथवर ते जगलं. जंगलात जाण्यालायक अजून झालेलं नाही, आणि माझ्या मते खरं काम इथून पुढचं आहे. दूध, औषधं, छत्र्या ही पैशानं आणि मेहनतीनं होणारी कामं. हत्तीला हत्तीपण शिकवणं माणसाला येतच नाही. ते हत्तीच शिकवू शकतो.

किती बारीकसारीक गोष्टी असतात बघा. कळपातलं पिल्लू मोठ्यांची लीद खातं. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण त्यातून झाडपाला पचवणारे जिवाणू त्याच्या आतड्यात जातात, जन्मतः ते नसतात. नर्सरीतल्या पिल्लालाही मोठ्या निरोगी हत्तीची लीद मिळावी लागते. मग चिखल. चिखलात लोळणं ही चैन नव्हे. त्यानं ऊन अडतं, किडे बसत नाहीत, पण कुठल्या खळग्यात, कधी, किती वेळ, हे मोठ्या बहिणीच्या मागे मागे जाऊनच कळतं. कुठली साल सोलायची, कुठल्या झाडाकडे बघायचंही नाही, उन्हाळ्यात व्हाळ आटला की पाणी कुठं मिळतं, हे म्हातारीच्या डोक्यात असतं आणि तिच्या मागून चालणाऱ्यांच्या पायात उतरतं. शिवाय शिष्टाचार. कुणाच्या पुढे सोंड खाली करायची, ढुशी किती जोरात मारायची, म्हाताऱ्या हत्तीच्या वाटेतून बाजूला कधी व्हायचं.

हे शिकायचं राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हत्ती वाढले म्हणून मोठे हत्ती मारले गेले आणि त्यांची पोरकी पिल्लं पिलानेसबर्ग नावाच्या दुसऱ्या अभयारण्यात सोडली गेली. खायला भरपूर, शिकारी नाही, कुंपण पक्कं. सगळं ठीक दिसत होतं. ती पिल्लं वयात आली आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यातल्या तरुण नरांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. त्यांना माज, म्हणजे वयात आलेल्या नर हत्तीला चढणारा मद, फार लवकर येत होता आणि फार काळ टिकत होता. एरवी कळपाबाहेर फिरणारा थोराड हत्ती समोर आला की तरुणाचा माज आपोआप ओसरतो. इथं थोराड कुणी उरलाच नव्हता. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा मोठे नर आणून तिथं सोडले, आणि गेंडे मरायचे थांबले. कुणी मारझोड केली नाही, औषध दिलं नाही. घरात वडीलधारी माणसं आली, एवढंच.

गोष्ट गमतीची वाटते, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच पिलानेसबर्गच्या हत्तींना ओळखीच्या आणि अनोळखी हत्तींचे आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवले. केनियातल्या अंबोसेलीचे, आजीच्या छत्राखाली वाढलेले कळप अनोळखी आवाज ऐकताच एकत्र येऊन सावध होत. पिलानेसबर्गच्यांना कुठल्या आवाजाला काय करायचं हेच ठरवता येत नव्हतं. आया मेल्याला तोवर दशकं उलटून गेली होती.

म्हणून पोरक्या पिल्लाचं पुनर्वसन.

हा शब्द लिहिताना मी जरा थांबलो. तिलारी खोऱ्यात पुनर्वसन म्हटलं की कुणाला हत्ती आठवत नाही. आठवतात ते धरणात गेलेले गाव आणि माळावर पाडलेले प्लॉट. प्लॉट मिळाला, पण शेजार गेला, देवळाचे मानकरी चार दिशांना पांगले, कुणाच्या दारात हाक मारायची ते कळेना, हे गाऱ्हाणं आमच्याकडे अजून ऐकू येतं. हत्तीचं तेच आहे. जंगल दाखवून "जा" म्हटलं की झालं, असं नसतं. आधी शेजार लागतो.

शेल्ड्रिक संस्थेत तो शेजार असा जमवतात. साधारण दोन-तीन वर्षांचं झालं की पिल्लू नैरोबीतून त्सावोकडे नेतात, तिथल्या इथुंबा किंवा व्हॉय या केंद्रांवर. तिथं आधी वाढलेली, आता मोठी झालेली पोरकीच नव्या पिल्लांना पंखाखाली घेतात. दिवसभर राखणदारांबरोबर रानात चरायचं, रात्री कुंपणात झोपायचं. पाणवठ्यावर जंगली कळप येतात. पहिल्यांदा लांबून बघणं, मग सोंड लावून वास घेणं, मग त्यांच्यामागे थोडं चालून परत येणं. एके रात्री एखादं परततच नाही. राखणदार शोधायला धावत नाहीत. दोन दिवसांनी येतं, पुन्हा जातं. पूर्ण रानटी व्हायला आठ-दहा वर्षांचं वय उजाडतं, आणि दाराची कडी त्याच्यासाठी कधीच लागत नाही.

श्रीलंकेत उडावलवे इथं १९९५ पासून वन्यजीव खात्याचं एक केंद्र आहे. तिथली तऱ्हा उलटी. तिथं पिल्लाला माणसाची सवय लागूच द्यायची नाही. ठराविक वेळी नळीतून दूध मिळतं, एवढाच संबंध. बाकी दिवसभर पिल्लं एकमेकांत, मोकळी. बघायला लोक येतात, पण लांबच्या मचाणावर, हात कुणी लावायचा नाही. पाच वर्षांच्या आसपास झाली की टोळीनं सोडतात, काहींच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून. शंभराहून जास्त हत्ती असे तिथल्या रानात गेले. आसामात काझीरंगाजवळ पानबारी इथं २००२ मध्ये सुरू झालेलं केंद्र या दोन्हींच्या मधलं. पुरात वाहून आलेली, चहामळ्याच्या चरात पडलेली पिल्लं तिथं येतात, वाढतात आणि मग मानसच्या जंगलात गटानं सोडली जातात.

कोणती पद्धत बरोबर? मला उडावलवेची जास्त पटते, आणि ती आमच्या भूगोलामुळे. त्सावो हा आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून कितीतरी मोठा मुलूख. तिथं माणसावर विश्वास ठेवणारा हत्ती चालून चालून माणसापर्यंत पोचणार किती वेळा? आमच्याकडे जंगल संपतं तिथं कुणाची तरी पोफळीची बाग सुरू होते, आणि बागेच्या टोकाला पडवीत कुणीतरी झोपलेलं असतं. माणूस म्हणजे दूध, हे लहानपणी डोक्यात बसलेला तीन टनांचा हत्ती सरळ त्या पडवीत येईल. तो प्रेमानं आला, हे झोपलेल्याला कळायला वेळ मिळणार नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोडामार्गातल्या मोर्ल्यात एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. त्यानंतर हत्तीचं कौतुक करणारं काहीही लिहिताना आमच्या भागात शब्द जपून वापरावे लागतात, आणि ते योग्यच आहे.

सगळीच पिल्लं परत जात नाहीत, हेही खरं. तमिळनाडूत थेप्पकाडूच्या हत्तींच्या छावणीतला रघू सगळ्या जगानं पडद्यावर पाहिला. विजेच्या धक्क्यानं आई गेलेलं ते पिल्लू बोम्मन आणि बेल्ली या जोडप्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलं. ते जगलं, पण छावणीतलंच झालं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याला जंगलातलं पुनर्वसन म्हणू नये.

"मग आपल्याकडे तिलारीत असं केंद्र काढूया का?" असं मला चहाच्या टपरीवर दोघा-तिघांनी विचारलं. माझं उत्तर नाही असं आहे. तिलारीचा संवर्धन राखीव भाग २०२० मध्ये जाहीर झाला, तो तीस चौरस किलोमीटरही नाही. हत्ती मोजके. पोरक्याला शिकवणाऱ्या आज्या, मावश्या आणायच्या कुठून? तरुण नर तर आपण होऊन कळप सोडतात, दहा-पंधराव्या वर्षी सोडायचंच असतं. लोकांनी ओंकार नाव ठेवलेला तो टस्कर, म्हणजे सुळेवाला नर, २०२५ मध्ये असाच कळपापासून सुटून गोव्यात पेडण्यापर्यंत गेला. त्याला समज देणारा थोराड हत्ती वाटेत कोण भेटणार होता? भेटले ते फटाके, मोबाईल आणि गर्दी.

आमच्या हातात आहे ते पिल्लू पोरकं होऊ न देणं. एकटं दिसलेलं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं. पुष्कळदा आई अर्ध्या कोसावर, आमचा गोंगाट थांबायची वाट बघत उभी असते. डिसेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूत वालपराईजवळ चुकलेल्या पिल्लाला वनखात्यानं ड्रोननं कळप शोधून परत आईशी नेऊन घातलं. अशा वेळी पिल्लाच्या अंगाला लागलेला माणसाचा वास घालवायला त्याला आंघोळ घालतात, चिखल फासतात. काही दिवसांनी आईच्या कुशीत झोपलेल्या त्या पिल्लाचा फोटो देशभर फिरला. तिथं ना बाटली लागली, ना खोबरेल तेल.

तेव्हा आमच्या व्हाळात किंवा कालव्याजवळ उद्या एखादं पिल्लू एकटं दिसलं, तर वाडीतल्यांनी करायचं ते फारच थोडं आहे. लांब थांबायचं. कुत्रे बांधायचे. त्या रात्री कुणी फटाका लावायचा नाही. दया येऊन गाईचं दूध पाजायचं नाही, तेच त्याला मारतं. त्याच्यासोबत फोटो काढायचा नाही, दोरी बांधून खळ्यात आणायचं तर नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा घरी ठेवणं हा गुन्हाही आहे. वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरवायचा आणि रात्रभर कळपाला वाट मोकळी ठेवायची. त्याआधी, कुठलाही हत्ती दिसण्याच्या कितीतरी आधी, बागेतल्या उघड्या विहिरीला कठडा बांधायचा आणि कुंपणात घरची वीज सोडायची नाही. पोरकी पिल्लं अशाही ठिकाणी तयार होतात.

हे सगळं मी पुतण्याला टप्प्याटप्प्यानं सांगितलं. उपटलेल्या जागी आम्ही नवे कवाथे लावत होतो. त्याला कायद्यात, कठड्यात रस नव्हता. त्याचं चित्त त्सावोत अडकलेलं. "रानात गेलेले परत येतत?" त्यानं विचारलं.

येतात. इथुंबाला हे अनेकदा झालंय. वर्षानुवर्षं रानात राहिलेली हत्तीण एके सकाळी केंद्राच्या कुंपणाशी येऊन उभी राहते, आणि तिच्या पोटाखाली दोन-चार दिवसांचं पिल्लू असतं, स्वतःच्या सोंडेवर पाय देत धडपडणारं. सोबत दाया म्हणून दोन-तीन हत्तिणी. हिरव्या डगल्यातली माणसं जवळ जातात, पिल्लू त्यांचा वास घेतं.

"म्हणजे चाकरमानी," पुतण्या म्हणाला.

तसंच. गणपतीला येतात, पोर दाखवतात, आणि गौरी-गणपती झाले की गाडी पकडतात.